चुकलेली, निसटलेली, उतरलेली : आपल्या मुलखातल्या विमानांच्या गोष्टी

नकाशा उघडा, मुंबई आणि बेल्लारी या दोन गावांवर पट्टी ठेवा आणि सरळ रेघ ओढा. ही रेघ साताऱ्याच्या जरा पूर्वेकडून खाली येते, विटा उजव्या हाताला ठेवते आणि कवठे महांकाळच्या अगदी जवळून कर्नाटकाकडे जाते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत उतरले. तिथून बेल्लारी आणि मद्रासपर्यंतची पुढची मजल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मारली. म्हणजे टाटांच्या पहिल्या नियमित टपाल विमानाची घरघर सातारा-सांगलीच्या जिरायत रानात कुणीतरी त्या दिवशी नक्की ऐकली असणार.

विमान होतं पस मॉथ. एकच इंजिन आणि रेडिओ नाही. वाट सापडायची ती नद्या, रेल्वेचे रूळ आणि डोंगर बघून. अहमदाबादला या विमानासाठी पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आणले होते. पुढच्या वर्षभरात या सेवेनं टपालासोबत माणसंही नेली, ती अवघी १५५. जागा इतकी थोडी, की प्रवासी टपालाच्या थैल्यांच्या सोबतीनंच बसायचे.

पावसाळ्यात विमानतळाचं बिऱ्हाड

मुंबईचा विमानतळ तेव्हा जुहूला होता. समुद्रकाठची सपाट दलदलीची जागा. पाऊस लागला की सगळा चिखल. मग टाटांची मंडळी विमानं, हत्यारं, सुटे भाग, सगळं गुंडाळून पुण्याला यायची आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानातून टपालसेवा चालवायची. पाऊस संपला की परत जुहू. चार महिने घाटावर आणि आठ महिने कोकणपट्टीत राहणारा विमानतळ जगात दुसरा कुठला असेल, असं मला वाटत नाही.

पाऊस आणि सह्याद्री ही जोडगोळी इथं पहिल्यांदा दिसली. ती पुढच्या बहुतेक गोष्टींत भेटणार आहे. आपल्याकडच्या विमानांचा इतिहास वाचताना वैमानिक बदलतात, कंपन्या बदलतात, यंत्रं बदलतात. ही दोघं मात्र जागची हलत नाहीत.

उजळाईवाडीचं ०७ आणि २५

कोल्हापूरला, उजळाईवाडीच्या माळावर, विमानतळ आला १९३९ मध्ये. स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी, संस्थानाच्या काळात, छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकारानं. महाराज १९४० मध्ये निवर्तले, पण उजळाईवाडीचा माळ विमानांचा झाला तो झालाच. आज विमानतळाला त्यांचंच नाव आहे. त्या काळी एसटीसुद्धा अजून सुरू व्हायची होती, हे लक्षात घेतलं की महाराजांची नजर किती लांबची होती ते कळतं.

उजळाईवाडीच्या धावपट्टीच्या एका टोकाला ०७ लिहिलंय, दुसऱ्या टोकाला २५. हे आकडे होकायंत्राचे असतात. अंशातली दिशा जवळच्या दहाच्या पटीत घ्यायची आणि शेवटचं शून्य काढून टाकायचं. ०७ म्हणजे साधारण ७० अंश, पूर्वेच्या जरा उत्तरेला. २५ म्हणजे २५० अंश, पश्चिमेच्या जरा दक्षिणेला. जगातल्या कुठल्याही धावपट्टीच्या दोन टोकांच्या आकड्यांत बरोबर १८ चा फरक असतो, कारण दोन्ही तोंडं एकमेकांच्या नेमकी उलट असतात. पुढच्या वेळी खिडकीतून बघा आणि शेजारच्या लहान पोराला वजाबाकी करायला सांगा.

विमानाला वारा समोरून लागतो. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा नैऋत्येचा आणि पश्चिमेचा. म्हणून त्या दिवसांत उतरणारं विमान बहुधा इचलकरंजीच्या अंगानं येतं आणि तोंड गगनबावड्याच्या पावसाकडे करून टेकतं.

आणखी एक गंमत उंचीची. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. वैमानिकाचा उंचीमापक समुद्रसपाटीशी जुळवलेला असला, तर विमान धावपट्टीवर उभं असतानाही तो जवळपास २,००० फूट दाखवतो. गोव्याहून निघालेल्या विमानाला कोल्हापुरात उतरताना त्यानं कमावलेली सगळी उंची सोडावी लागत नाही. त्यातली थोडी आपला माळच उचलून धरतो.

जुहूची चकवा देणारी पट्टी

सांताक्रूझचा मोठा विमानतळ सुरू झाला तरी जुहूची जुनी धावपट्टी तिथंच राहिली. दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, दोन्हींची दिशा जवळजवळ एकच, पूर्व-पश्चिम. वरून बघणाऱ्या थकलेल्या वैमानिकाला समुद्राकाठी पहिली पट्टी दिसायची ती जुहूची.

१५ जुलै १९५३ ला ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट विमान सांताक्रूझ समजून थेट जुहूला उतरलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट. वर्षभरापूर्वीच ते प्रवासी घेऊन उडू लागलं होतं. एवढं देखणं, एवढं नवं यंत्र छोट्या विमानांच्या मैदानात येऊन उभं राहिलं. उतरणं जमलं, पण परत उडवायचं कसं? शेवटी काही दिवसांनी ते उडवून बाहेर काढलं.

दुसऱ्यांदा नशीब एवढं सढळ नव्हतं. २४ सप्टेंबर १९७२ ला लंडनहून टोकियोला निघालेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ असंच जुहूला उतरलं. आखूड पट्टी संपली, विमान पुढं घसरत गेलं आणि मोडलं. ते पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही. पण आतली १२२ माणसं, सगळीच्या सगळी, जिवंत बाहेर आली. मला या गोष्टीतला हा आकडा सगळ्यात आवडतो.

मध्यरात्रीचं नागपूर

१९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची टपालसेवा ही मला भारतीय टपालाची सर्वांत सुंदर कल्पना वाटते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं आणि चारही मध्यरात्री नागपुरात उतरायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे, आणि पहाटेपर्यंत चौघंही आपापल्या घरी. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. देशाच्या मधोमध असण्याचा एवढा फायदा नागपूरनं आधी कधी करून दिला नव्हता.

डोंगर आणि तीन पावसाळे

इथं चटपटीतपणा बाजूला ठेवायला हवा, कारण या भागात माणसं गेली आहेत.

१२ जुलै १९४९. केएलएमचं कॉन्स्टेलेशन विमान भर पावसात मुंबईला उतरायला आलं आणि घाटकोपरच्या टेकड्यांवर आदळलं. ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते.

७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. सिडनीहून रोमला निघालेलं अलिटालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. ते जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगराला धडकलं. ९४ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. चौकशीत कारण निघालं ते असं: आपण मुंबईच्या खूप जवळ आलोय असा वैमानिकांचा समज झाला, प्रत्यक्षात मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर दूर होती. अंधारात, ढगांत, सुरक्षित उंचीची मर्यादा ओलांडून विमान खाली येत गेलं. त्या भागातल्या डोंगरांची ओळख नसणं हेही कारणांमध्ये नोंदलं गेलं.

४ ऑगस्ट १९७९. इंडियन एअरलाइन्सचं एचएस-७४८ पुण्याहून मुंबईला निघालं. अंतर ते किती! पनवेलजवळच्या डोंगरात ते कोसळलं आणि ४५ जीव गेले.

जुलै, जुलै, ऑगस्ट. तिन्ही विमानं उतरण्याच्या तयारीत होती आणि तिन्ही ढगांत होती. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्याला आपला मुलूख फसवतो तो असा: शेकडो किलोमीटर दख्खनचं पठार, मग सह्याद्रीची सगळ्यात उंच शिखरं, आणि लगेच समुद्रसपाटीवरची मुंबई. १,६४६ मीटरचं कळसूबाई मुंबईपासून सरळ रेषेत फार लांब नाही. म्हणजे विमानानं खाली यायला सुरुवात करायची वेळ आणि डोंगर सर्वांत उंच होण्याची वेळ एकच. जमिनीवरून घाट चढणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ढगाच्या वर बसलेल्या परदेशी वैमानिकाला ते नकाशातल्या आकड्यांवरूनच कळायचं.

अशा अपघातांवर, म्हणजे विमान ठणठणीत, वैमानिक शुद्धीवर आणि तरीही डोंगराला धडक, यांवर तोड काढली डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्यानं. जमीन जवळ येतेय हे ओळखून ओरडणारं यंत्र त्यानं तयार केलं आणि १९७० च्या दशकात अमेरिकेनं ते मोठ्या विमानांना सक्तीचं केलं. पण पहिल्या यंत्राला एक मोठी खोट होती: ते सरळ खाली बघायचं. हळूहळू चढणारी टेकडी त्याला कळायची, समोरचा उभा कडा कळायचा नाही. आणि सह्याद्रीत कडेच कडे. १९९० च्या दशकात बेटमनच्या चमूनं यंत्राला अख्ख्या जगाच्या जमिनीचा नकाशाच पाठ करायला लावला. त्यासाठी लागलेली बरीच माहिती सोव्हिएत संघ फुटल्यावर तिकडच्या लष्करी नकाशांतून मिळाली. आता विमान कुठं आहे आणि पुढं किती उंच डोंगर आहे, हे यंत्राला आधीच ठाऊक असतं. जुन्नरच्या त्या डोंगराची उंचीही आज प्रत्येक मोठ्या विमानाच्या पोटात साठवलेली आहे.

कापसाच्या गाठी

२६ एप्रिल १९९३, औरंगाबाद. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. उष्ण दुपार, भरलेलं विमान. ते उशिरा उचललं गेलं, आणि धावपट्टीच्या पलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावर नेमका त्याच क्षणी कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक होता. चाक ट्रकला लागलं. ११८ पैकी ५५ जण गेले, ६३ वाचले. चौकशीत वैमानिकांची चूक निघाली, तशी विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक न थांबवणाऱ्या यंत्रणेचीही.

उजळाईवाडीची धावपट्टी वाढवायची निघाली तेव्हा वाटेत येणाऱ्या तामगाव-नेर्ली रस्त्याचा प्रश्न बरीच वर्षं गाजला. गावकऱ्यांना जाण्यायेण्याचा वळसा पडतो, हे खरंच आहे आणि त्यांची तक्रार रास्त आहे. पर्यायी रस्ता चांगला मिळालाच पाहिजे. पण धावपट्टीच्या टोकाशी रस्ता का नको, याचं उत्तर औरंगाबादनं फार महाग देऊन ठेवलंय.

दाभोळीहून निसटलेली दोन विमानं

आता बेळगाव. सांबऱ्याचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा सांबऱ्याहून सहा हंटर विमानं उडाली आणि बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र त्यांनी बंद पाडलं. त्याच दिवशी पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातल्या दाभोळी विमानतळाच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. हुकूम स्पष्ट होता: फक्त धावपट्टी. विमानतळाची इमारत आणि बाकी सगळं शाबूत ठेवायचं, उद्या ते आपल्यालाच वापरायचं आहे.

दाभोळीला दोन मोठी पोर्तुगीज प्रवासी विमानं उभी होती. तीही आपल्या वैमानिकांनी मुद्दाम सोडली, कारण ती धडधाकट हाती लागणार होती. धावपट्टीच खड्ड्यांनी भरल्यावर ती जाणार कुठं? पण रात्री पोर्तुगीज वैमानिकांनी शिल्लक राहिलेल्या तोकड्या पट्टीवरून दोन्ही विमानं उडवली, माणसं भरून, आणि समुद्रावरून निसटून गेली. शत्रूची का असेना, ही कामगिरी दाद देण्यासारखी आहे. पुढच्याच दिवशी गोवा मुक्त झाला.

दाभोळीच्या विमानतळाचे सुरुवातीचे दिवसही मोठे मजेदार. १९५० च्या दशकात भारतानं गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगिजांनी खास गोव्यासाठी एक छोटी विमान कंपनीच काढली. ती दमण, दीव आणि कराचीला जायची. चारही बाजूंनी भारत किंवा समुद्र, आणि एवढ्याशा वसाहतीची स्वतःची विमान कंपनी!

धरणासाठी धावपट्टी, पुरासाठी धावपट्टी

कराडची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९५५ मध्ये बांधली ती प्रवाशांसाठी नव्हे, कोयना धरणाच्या कामासाठी. अभियंते आणि अधिकारी घाटमाथ्यावरच्या त्या अवाढव्य कामावर लवकर पोहोचावेत म्हणून. धरण झालं, वीज आली, आणि विमानतळ कराडला बोनस मिळाला.

उजळाईवाडीच्या माळाचा खरा कस लागला ऑगस्ट २०१९ मध्ये. पंचगंगेनं पुणे-बंगळूर महामार्ग गिळला, कोल्हापूरला जायला रस्ता उरला नाही. तेव्हा बचाव पथकं विमानानं आली आणि उंच माळावरची ती धावपट्टीच शहराचा दरवाजा झाली.

आभाळातून पडलेलं

२ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांत लोकांनी आभाळात पेटत्या ठिणग्यांची रांग बघितली. फोनवरून चित्रफिती फिरल्या, उल्का की विमान अशा पैजा लागल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात उत्तर सापडलं: सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं गावात येऊन पडलं होतं. चिनी रॉकेटचा तो अवशेष असल्याचा अंदाज जाणकारांनी बांधला. माणूस कुणी दुखावलं नाही.

सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या शेतकऱ्यांना आणखी एक पाहुणा अधूनमधून भेटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून प्रचंड फुगे सोडते. पातळ प्लॅस्टिकचे हे फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात, म्हणजे प्रवासी विमानाच्या तिप्पट-चौपट उंचीवर. काम झालं की उपकरणं पॅराशूटनं खाली येतात, आणि ती कुणाच्या तुरीत उतरतील हे वारा ठरवतो. म्हणून जिल्हा प्रशासन आधी निवेदन काढतं: पेटी दिसली तर हात लावू नका, पोलिसांना किंवा टपाल कार्यालयाला कळवा, बक्षीस मिळेल. शेतात पडलेली ही वस्तू कुणाच्या तरी कित्येक वर्षांच्या अभ्यासाचं फळ असते. त्यामुळं ती जशीच्या तशी सांभाळून परत देणाऱ्या शेतकऱ्याचा त्या संशोधनात वाटा आहे, असंच मी मानतो.

सोलापूरच्या आभाळात उलटा प्रयोगही झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात विमानातून ढगांत बीज पेरून पाहिलं. पेरलेल्या भागात सुमारे १८ टक्के जादा पाऊस झाला, असा त्यांचा निष्कर्ष. ढग असावे लागतात, हे मात्र खरं. कोऱ्या आभाळातून विमानालाही पाणी काढता येत नाही.

अंबाबाईचा शालू आणि जयसिंगपूरचं विमान

कोल्हापूरची मुंबई सेवा २०११ मध्ये बंद पडली आणि पुढं काही वर्षं उजळाईवाडीला नेमानं येणारं विमानच नव्हतं. २०१८ मध्ये उडान योजनेतून पुन्हा सुरुवात झाली. हैदराबाद, बंगळूर, आणि २०१९ मध्ये तिरुपती. तिरुपतीच्या देवस्थानाकडून नवरात्रात अंबाबाईला शालू येतो, ही परंपरा कोल्हापूरकराला सांगायला नको. बालाजीला जाऊन आलं की अंबाबाईचं दर्शन घ्यायचंच, हा दक्षिणेतल्या भाविकांचा रिवाजही तसाच जुना. त्या वाटेला विमान जोडलं गेलं.

आणि विमान कंपनी म्हटली की मुंबई, दिल्ली, बंगळूर आठवतात. पण स्टार एअर ही कंपनी उभी केली ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या जयसिंगपूरच्या संजय घोडावत उद्योगसमूहानं. २५ जानेवारी २०१९ ला तिचं पहिलं विमान बंगळूरहून हुबळीला उडालं. ५० आसनांचं एम्ब्रेअर विमान, आणि धोरण सरळ: मोठ्या कंपन्या ज्या गावांकडे बघत नाहीत तिथं जायचं. बेळगावसारख्या शहरांना त्याचा फायदा झाला.

कॉकपिटमधल्या देशमुख, गच्चीवरचे यादव

१९८५ मध्ये कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप विमानात वैमानिकांपासून हवाई सेविकांपर्यंत सगळ्या महिला होत्या. त्या विमानाच्या कमांडर होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. चाळीस वर्षांपूर्वी, ईशान्येच्या पावसाळी डोंगरांवरून.

शेवटची गोष्ट सातारा जिल्ह्यात मूळ असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांची. या पठ्ठ्यानं कांदिवलीतल्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. वर्षानुवर्षं एकेक भाग जिन्यानं वर चढवत. २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते मांडायचं ठरलं, तेव्हा पंख आणि धड वेगळं करून क्रेननं ते खाली उतरवावं लागलं. लोक रांगा लावून बघायला आले. परवानग्यांसाठी झगडा चाललाच होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, २०१९ मध्ये उडण्याची परवानगी, आणि त्यानंतर गच्चीवर जन्मलेलं ते विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून स्वतःच्या बळावर उडालं.